वाकडी करून किक मारायची गाडी : चेतकचा इटालियन इतिहास

मागच्या भागात मी म्हटलं होतं की दिवाळीला गावी गेलो की एक जुनी गोष्ट सुरू करून दाखवतो. अर्धी सुरू झाली, अर्धी मीच बिघडवली. आजचा भाग त्यावरच आहे.

गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. आमच्या गोठ्याच्या कडेला आबांची बजाज चेतक उभी आहे, 1991ची. नंबर प्लेट एमएच 30 ने सुरू होते, म्हणजे अकोला. कारण तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता. तो झाला 1 जुलै 1998ला आणि एमएच 37 ही पाटी त्यानंतर आली. आबा गेले तेव्हापासून गाडी बंद. यंदा बाबा म्हणाले, "भंगारवाला दोनदा येऊन गेला. तुझ्याच्यानं होत असेल तर चालू कर, नाहीतर देऊन टाकू." माझ्याकडे सुट्टीचे सहा दिवस होते.

आता तुम्ही म्हणाल, चेतक तर आपली, 'हमारा बजाज', हिच्यात इटालियन काय? तिथूनच सुरुवात करू.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतली पिआजिओ कंपनी विमानं बनवायची. पोंतेदेरा गावातला तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं, विमानांचं काम गेलं, रस्ते फुटलेले आणि लोकांच्या खिशात पैसे नाहीत. मालक एन्रिको पिआजिओ यांनी स्वस्त दुचाकीचं काम कोर्रादिनो द'अस्कानियो यांच्याकडे दिलं. हे गृहस्थ हेलिकॉप्टर बनवणारे इंजिनियर, आणि त्यांना मोटरसायकल मुळीच आवडायची नाही. कपड्यांना ऑईल लागतं, चेन उघडी असते, पंक्चर झालं की चाक काढायचा ताप. त्यांनी हे सगळंच उलटं केलं. इंजिन मागच्या चाकाजवळ झाकून टाकलं, चेन काढून टाकली, गिअर हँडलवर आणले. पुढचं चाक एकाच बाजूनं धरलं, विमानाच्या चाकासारखं. म्हणून ते चार-पाच नट काढले की बदलता येतं. 1946मध्ये ही गाडी आली, 98 सीसीची. नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

ही गांधीलमाशी महाराष्ट्रात आली 1948च्या सुमारास, आधी आयात होऊन. आयात करणाऱ्या बजाज घराण्याच्या कंपनीला 1959मध्ये सरकारकडून दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला. पिआजिओशी करार झाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा 150 बनायला लागली. तिकडे मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी व्हेस्पाची इटालियन प्रतिस्पर्धी लॅम्ब्रेटा बनवत होती. म्हणजे इटलीतलं भांडण मुंबई-पुण्यातही चालू होतं.

1971मध्ये पिआजिओशी करार संपला. सरकारला परदेशी तंत्रज्ञानाचे करार वाढवायचे नव्हते. नाव गेलं, पण यंत्रं, साचे आणि शिकलेले कामगार इथेच राहिले. 1972मध्ये जवळपास तीच गाडी, व्हेस्पा स्प्रिंटच्या धर्तीवरची, नवीन नावानं आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, चेतक. पुढे 1975मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि साताऱ्यात 'प्रिया' बनू लागली. तरी गाड्या पुरायच्या नाहीत, कारण किती बनवायच्या तेही सरकार ठरवायचं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि जुनी गाडी नवीपेक्षा महाग विकली जायची. आपण फोनच्या फ्लॅश सेलला दहा मिनिटं थांबलो तरी वैतागतो!

बरं, आता गोठ्यात येऊ.

चेतकचं इंजिन 145 सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डीबगिंगचा नियम लावला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टू-स्ट्रोकला तीन गोष्टी लागतात : ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन. प्लग काढला, काजळीनं काळा. साफ करून गॅप 0.6 मिलिमीटरवर आणला. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट घासले, गॅप साधारण 0.4 ठेवला. ठिणगी आली. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडला तर वाटीत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. जेट तारेनं नाही, हवेच्या प्रेशरनं साफ केले. तार घातली की भोक मोठं होतं, एवढं मला माहीत होतं.

मग आबांसारखी गाडी वाकडी केली. ही वाकडी करायची पद्धत तुम्ही घरी पाहिली असेल. पेट्रोल थोडं जास्त उतरावं म्हणून लोक करायचे, म्हणजे घरगुती चोकच. सातव्या किकला गाडी सुरू! निळा धूर, तोच आवाज. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता उभी राहिली.

पण गाडी शांत राहीना. ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन रेस होत राहायचं. मी काय केलं? आयडलचा स्क्रू कमी केला. बंद पडली. मग मिक्श्चर स्क्रू फिरवला. दोन दिवस मी फक्त स्क्रू फिरवत होतो. तिसऱ्या दिवशी शेतात चक्कर मारायला निघालो आणि चढावर इंजिन एकदम जड झालं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

रिसोडला एक मिस्त्री काका आहेत, सत्तरीचे. आबांची गाडी त्यांच्याकडेच असायची. गाडी टेम्पोत टाकून नेली. त्यांनी प्लग काढून बघितला, एकदम पांढरा.

"कार्ब्युरेटरले काही झालं नाही बाबू. गाडी कुठून तरी हवा खाऊन राह्यली. तू स्क्रू फिरवू फिरवू तिले उपाशी मारत होता."

मग समजावलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पेट्रोल आणि हवा आधी तिथे खेचली जाते, मग वर ढकलली जाते. ती पेटी हवाबंद राहते क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑईल सीलमुळे. वर्षानुवर्षं उभी राहून फ्लायव्हीलकडचं रबर कडक झालं होतं. तिथून फुकटची हवा आत. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणून इंजिन आधी रेस होतं, मग तापतं आणि पिस्टन धरतं. त्यांनी फ्लायव्हील काढून मागचा ओलावा दाखवला. "ह्या बाजूचं सील गेलं तर गाडी रेस होते. क्लचकडचं गेलं तर गिअरचं ऑईल पेते आन् पांढरा धूर मारते." आणखी एक चढ मी चढलो असतो तर सिलिंडर गेला असता.

सील बदललं. प्लगचा रंग आता कॉफीसारखा येतो. पांढरा म्हणजे उपाशी, ओला काळा म्हणजे अजीर्ण. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, त्यानं मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणून काकांनी मेन जेट एक नंबर मोठा टाकला आणि पेट्रोलचा पाईप बदलायला लावला.

मी विचारलं, "काका, हे कुठं शिकलात?" म्हणाले, "कोण शिकवते? बिघडवू बिघडवू शिकलो."

मला वाटतं, चेतकच्या इतिहासातला हा भाग आपण विसरतो. ड्रॉइंग इटलीतून आली, गाडी आकुर्डीत बनली, पण ती चाळीस-पन्नास वर्षं चालवली तालुक्याच्या गावातल्या अशा माणसांनी. पुढे फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या, प्रदूषणाचे नियम आले, आणि 2009मध्ये बजाजनं स्कूटर सोडायचं जाहीर केलं. मजा बघा, 2012मध्ये पिआजिओनं बारामतीत पुन्हा व्हेस्पा बनवायला घेतली आणि 2020मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन आली. दोन्ही नावं आज पुणे जिल्ह्यातच तयार होतात. कंपन्या परत आल्या. काकांच्या दुकानात मात्र शिकायला कुणी पोरगा नाही, आणि त्यांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून मी शेवटच्या दिवशी फोन रेकॉर्डिंगवर ठेवून त्यांच्याजवळ दोन तास बसलो. तुमच्या गावात असा कुणी मिस्त्री असेल तर तुम्हीही बसा. पुढच्या भागात ते रेकॉर्डिंग ऐकवतो, त्यांनी परवानगी दिली आहे.

आणि गाडी? बाबा रोज सकाळी शेतात घेऊन जातात. भंगारवाल्याला सांगितलंय, पुन्हा येऊ नको.