रातची लाईट

आमच्या घरातलं विजेवरचं भांडण आता तिसऱ्या पिढीत आलं आहे. आजोबा खांब मिळावा म्हणून भांडले, तात्या म्हणजे माझे काका रात्रीच्या लाईटीवरून भांडत आले, आणि चुलतभाऊ हल्ली थेट तात्यांशीच भांडतो. त्याला खांबच नको आहे. गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतारावरचं. जमीन हलकी, विहीर एक, आणि त्या विहिरीत तिघांचा वाटा. अशा घरात राजकारण वर्तमानपत्रातून येत नाही, स्टार्टरच्या पेटीतून येतं.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं बालपण निजामाच्या राज्यात गेलं. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात. अण्णा म्हणायचे, "राज्यं तीन बदलली, पर कंदिलाची काच तीच." रोज संध्याकाळी ती काच राखेनं पुसायचं काम आजीकडं असे. अण्णा मोटेवर. बैल धावेवरून उतरायला लागले की हाकणारा नाड्यावर बसायचा, म्हणजे त्याच्या वजनाचा हातभार लागे. मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी झाली की बैल उलट्या पावली मागं. असं पहाटेपासून उन्हं तापेपर्यंत. बैल दमले की पाणी थांबायचं, आणि बैलांच्या दमण्यावर कुणाला मोर्चा काढता येत नव्हता. हे अण्णांचंच बोलणं. विजेनं आमच्या जगण्यात काय बदललं हे मला त्यांच्या या वाक्यावरून कळतं: पाणी थांबलं तर जाब विचारायला पहिल्यांदाच कुणीतरी समोर आलं.

जून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९७१ साली परळीच्या औष्णिक केंद्रात ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, आणि ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे तीन मोठे संच आले. आपल्या जिल्ह्यात वीज तयार होते याचा अण्णांना केवढा अभिमान! परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेले की चिमणीकडंही हात जोडायचे. पण मराठवाडा मागं आहे ही खंत त्याच काळात कागदावर आली. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यात सिंचन आणि रस्त्यांच्या जोडीला ग्रामीण विद्युतीकरणाचाही हिशेब होता. वीज घरात तयार होते आणि घर अंधारात राहतं, हे दुखणं तेव्हापासूनचं.

पंप बसला, मोट आढ्याला टांगली गेली, आणि अण्णांचं पहिलं भांडण सुरू झालं ते बिलाचं. शेतीपंपाला मीटर नसे. मोटार किती अश्वशक्तीची त्यावर बिल. लाईट आठ तास येवो की चार तास, आकार तोच. "घेतली न घेतली, भरायचंच," हे अण्णांचं पालुपद. म्हणून १९९५ ची निवडणूक त्यांना जेवढी समजली तेवढी भल्या भल्या शहरी माणसांना समजली नसेल. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, ही घोषणा गाजली ती गोपीनाथ मुंडे यांच्या तोंडून, आणि मुंडे तर परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे, आमच्या शेजारचे. डिसेंबर १९९३ चा तो करार असा होता की मंडळानं वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार कंपनीला द्यायचाच. अण्णा पारावर सांगायचे, आता मंडळाला कळंल आमचं बिल कसं लागतं ते. सत्तापालटानंतर मुंडे समितीनं अहवाल दिला, ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, आणि काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन नव्या अटींवर पुन्हा उभा राहिला. अण्णांनी मुंड्यांना शेवटपर्यंत मत दिलं, पण हा उलटा फेरा त्यांना कधी पटला नाही. १९९९ ला दाभोळची वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात दरावरून मंडळानं ती घेणं थांबवलं.

२००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारनं शेतीपंपाची वीज फुकट केली. शून्य रुपयांची बिलं घरोघर आली. पुढच्या वर्षी निवडणूक झालेली होती आणि ती सवलतही गेलेली होती. अण्णांनी ते शून्याचं बिल पंढरीच्या बुक्क्याच्या पुडीशेजारी ठेवलेलं मी पाहिलं आहे.

इथून पुढची गोष्ट तात्यांची. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि त्याच सुमाराला राज्यभर भारनियमनाचा काळ आला. पुढं फीडरांचे गळती आणि वसुलीवरून ए ते जी असे गट पडले. ज्या फीडरवर गळती जास्त, वसुली कमी, तिथं अंधार जास्त. ऐकायला हे रास्त वाटतं. पण एका फीडरवर आकडे टाकणारा आणि वेळेवर बिल भरणारा दोघंही असतात, आणि अंधार दोघांना सारखाच. तात्या भरणाऱ्यांतले. शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा त्यांनी वर्षानुवर्षं भोगली. मला हा अन्याय आजही तितकाच टोचतो. वसुली ही माणसाकडून करायची असते, गावाकडून नव्हे.

शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात तात्या डोक्यावर बॅटरी बांधून, हातात काठी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचे. गव्हाच्या वाफ्यात घोट्याइतकं पाणी, पौषाची थंडी, आणि बांधाला साप. पाय टाकण्याआधी काठी आपटायची, मग दार मोडायचं, पुन्हा काठी आपटायची. काकू ओसरीवर जागी बसून बॅटरीचा उजेड शेतात हलतोय का ते बघायची. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा 'दिवसा लाईट द्या' ही मागणी आमच्याकडं जीव वाचवायची मागणी झाली होती. उन्हावरची वीज दिवसाच तयार होते. एवढ्या एका कारणासाठीही मी तिच्या बाजूचा आहे.

दुसरं कारण मला परळीनंच शिकवलं. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे संच बंद पडले. कोळसा होता, पाणी नव्हतं. केंद्राला पाणी देणाऱ्या खडक्याच्या बंधाऱ्यात थेंब राहिला नव्हता. २०१५ च्या पावसाळ्यात पुन्हा तेच. कोळशावरची वीज करायची तर वाफेला आणि थंडाव्याला अमाप पाणी लागतं, आणि आमच्या जिल्ह्यात नेमकं तेच नाही. माजलगावचं पाणी परळीला द्यायचं की उसाला की हंड्याला, हे भांडण म्हणजेच आमचं ऊर्जेचं राजकारण. पवनचक्की पाणी मागत नाही. पत्र्यावरची प्लेट मागत नाही. धुवायला घागरभर पुरतं.

पण पवनचक्कीबरोबर जे आलं तेही सांगितलंच पाहिजे. बालाघाटाच्या पठारावर वारा चांगला, म्हणून पाटोदा, केज, बीड या भागांत उंच मनोरे उभे राहिले. मनोऱ्याला जागा लागते, अवजड गाड्यांना रस्ता लागतो, वीज न्यायला तारा लागतात, आणि या प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी शेत असतं. मोबदला किती, ठेका कुणाला, रखवाली कुणाची, यावर गावोगाव तंटे झाले. आमच्याच तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेली दोन कोटींची खंडणी या प्रकरणाच्या मुळाशी आहे, असं सीआयडीचं आरोपपत्र सांगतं. मार्च २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. खटला बीडच्या न्यायालयात गेला. आपल्या गावच्या रखवालदाराला मारलं म्हणून जाब विचारायला गेलेला माणूस होता तो. वाऱ्याची वीज स्वच्छ आहे. तिच्याभोवतीचा कारभार स्वच्छ ठेवणं हे कुणाच्या तरी जिवावर सोडून चालणार नाही.

चुलतभावाचं म्हणणं असं, की या सगळ्यातून सुटायचं तर वीज आपल्या घरची हवी. फेब्रुवारी २०२४ ला 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. त्यानं अंबाजोगाईतल्या घराच्या गच्चीवर प्लेटा बसवल्या. दिवसा जास्तीची वीज लाईनला जाते, रात्री लाईनची घरात येते, मीटर दोन्ही मोजतं. पण दिवसाची युनिटं रात्रीच्या वापरातून वजा करायची की नाही, यावरून २०२५ च्या दरप्रस्तावावर जोराचा वाद झाला. तात्यांना त्यात अण्णांचंच पालुपद ऐकू आलं: युनिट शून्य झालं तरी स्थिर आकार आहेच.

तात्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो खोडता येत नाही. "तुझी गच्ची पक्की हाय रे. आपल्या वस्तीवरली निम्मी माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघत्यात. सा म्हैने कोपीत. त्यांनी प्लेट कुठं ठोकायची? पैसंवाले लाईन सोडून गेले तर तारांचा खर्च ऱ्हाईल कुणावर?" कोपीत आता छोटी प्लेट आणि एक दिवा असतो, मोबाइल चार्ज होतो, पण गावातल्या बंद घराचा खांब, दवाखाना, पिठाची गिरणी, नळयोजनेची मोटार यांना सामाईक तारच लागते.

शेतावरचा पेच आणखी अवघड. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज पुन्हा मोफत झाली, मार्च २०२९ पर्यंत. त्याच वेळी नवी जोडणी मागणाऱ्याला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' दाखवला जातो: दहा टक्के शेतकऱ्यानं भरायचे, बाकी सरकारचे. भावाला नव्या बोअरसाठी सौर पंप घ्यायचाय. तात्या म्हणतात, बोअर पाचशे फुटांखाली गेलीय, ढगाळ दिवसांत पाणी वर यायचं नाही, आणि गारपीट झाली तर प्लेटा कोण बदलून देणार? माझ्या मते दोघांनाही दोन्ही हवं: दिवसाचं ऊन आपलं, आणि मागं उभी असलेली तार सगळ्यांची. सरकारनं एकाच्या बदल्यात दुसरं काढून घेऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

परवा वाड्यात बैठक झाली. बोअरची जमीन अजून सातबाऱ्यावर सामाईक, म्हणून संमतीपत्रावर तात्यांची सही लागते. ते तयार झाले, पण दोन अटी घालून: सौर पंपाचं पाणी पाळीनंच वाटायचं, आणि आभाळ भरलेल्या दिवशी विहिरीवरची जुनी मोटार भावाच्या उसालाही चालेल, मात्र २०२९ नंतर बिल आलं तर निम्मं त्यानं भरायचं. पाळीवर भाऊ लगेच हो म्हणाला. निम्म्या बिलावर तो अजून अडलाय. त्याचं म्हणणं, दिवसांचा हिशेब ठेवू आणि तेवढंच भरू. काकूनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मधोमध ठेवलंय, ढगाळ दिवस कुणी लिहायचे ते येत्या रविवारी ठरायचंय.