दोष स्वप्नाचा नव्हे

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या आजीबाई चष्मा सावरीत विचारतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, पणती आपण अंधाऱ्या कोनाड्यातच लावतो. आणि आपल्या घरांतला फार अंधारा कोनाडा नुकत्याच वयात आलेल्या तरुणाच्या मनात असतो. ‘स्वप्नदोष’ हा शब्द तेथे दडून बसला आहे. झोपेत वीर्य जाते, ह्या साध्या शरीरधर्माला आपण दोष म्हटले आणि पिढ्यान् पिढ्या तरुणांची झोप उडवली. त्या शब्दाची, आणि त्याच्याशी झगडलेल्या माणसांची ही हकीकत आहे.

ही भीती आली कोठून? आयुर्वेदाने शरीरात सात धातू मानले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. अन्नापासून पायरीपायरीने चढत शेवटी शुक्र तयार होते, म्हणून ते मोलाचे. त्यावरून लोकांत एक हिशेब रूढ झाला: रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब! असा जमाखर्च मांडल्यावर रात्र तोट्याची वाटू लागावी, यात नवल ते काय? परंतु त्याच आयुर्वेदातले दुसरे एक सूत्र आपण विसरलो. चरकाने देहाला तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. पुढे वाग्भटाने तिसऱ्या जागी अब्रह्मचर्य हा शब्द घातला आणि युक्तीने, मर्यादेने केलेल्या कामसेवनालाही आधाराचा मान दिला. म्हणजे झोप आणि काम हे जुन्या वैद्यांच्या लेखी एकाच घराचे खांब होते. आपण एकाच्या धास्तीने दुसरा पोखरीत बसलो.

तरीही सारे खापर आपल्याच परंपरेवर फोडणे न्यायाचे होणार नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाचे एक निनावी चोपडे निघाले. हस्तमैथुनाने होणाऱ्या अनर्थांची त्यात लांबलचक यादी होती, आणि त्यावरच्या औषधांची जाहिरातही होती! १७६० साली स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या नामांकित डॉक्टरने त्याच भयाला शास्त्राचा अंगरखा चढविला. १८३६ नंतर फ्रान्सच्या लालमाँने वीर्य ‘गळण्या’चा एक स्वतंत्र रोगच पुस्तकात मांडला. साहेबाच्या देशातले बाप आणि शिक्षकही ह्या भुताला शंभर-दीडशे वर्षे भीत होते.

आपल्याकडे ह्या भुताला भर दिवसा हटकणारा माणूस वैद्य नव्हता, डॉक्टर नव्हता. तो गणिताचा प्राध्यापक होता. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ह्या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. ज्या गोष्टी मुलगा बापाला विचारू शकत नव्हता आणि बायको नवऱ्याला, त्या वाचक कर्व्यांना पत्राने विचारीत. कर्वे आडपडदा न ठेवता, गणितातले उदाहरण सोडवावे तशा कोरड्या सरळपणाने उत्तर देत. त्या कोरडेपणातच मोठा दिलासा होता.

समाजाने ह्याची किंमत वसूल केली. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, आणि तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक ज्ञान देण्यासाठीच निघालेल्या मासिकाने असल्या प्रश्नांना उत्तर देऊ नये तर कोणी द्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. पण कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते निवर्तले, तोवर ते निघतच होते.

योगायोग पाहा. त्याच्या जेमतेम सव्वा महिना आधी, सप्टेंबर १९५३ मध्ये, अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्या दोघा संशोधकांनी झोपेविषयीचा एक शोध प्रसिद्ध केला. झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांआड भराभर फिरू लागतात, आणि तेव्हा त्याला उठविले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. अशी फेरी सुमारे दीड तासाने एकदा, म्हणजे रात्रीतून चार-पाच वेळा येते. १९६५ च्या सुमारास न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक चार्ल्स फिशर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, निरोगी पुरुषाच्या इंद्रियाला ह्याच फेऱ्यांत ताठरता येते, मग स्वप्न बाजारहाटाचे का असेना! मनाचे पाप आणि झोपेतल्या देहाचा व्यापार यांची गाठ आपण उगाच मारली होती. त्याआधी, १९४८ साली, किन्से यांच्या पाहणीत शेकडा ८३ पुरुषांनी झोपेत वीर्यपतन झाल्याचे सांगितले होतेच. शंभरातल्या त्र्याऐंशींना जे होते, त्याला रोग म्हणायचे तर निरोगी कोणाला म्हणावे?

पुढे मानसोपचारतज्ज्ञ इस्मेत काराजान यांच्यासारख्यांनी ह्याच ज्ञानाचा उपयोग रोगपरीक्षेसाठी केला. जागेपणी असमर्थ ठरणाऱ्या पुरुषाला प्रयोगशाळेत झोपवून पाहायचे. झोपेत शरीर नीट काम करीत असेल, तर बहुतकरून अडचण शरीरात नसून मनात आहे. जे लपविण्यासाठी तरुण अंथरूण धुऊन टाकीत होते, तेच देहाच्या आरोग्याची साक्ष ठरले.

आपल्या देशात ह्या दुखण्याला शास्त्रीय नाव १९६० साली मिळाले. लखनौचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी त्याला ‘धात सिंड्रोम’ म्हटले. तरुण येतो, थकवा सांगतो, कंबर दुखते म्हणतो, झोप नाही, भूक नाही, कशात लक्ष नाही. आणि ह्या सर्वांचे कारण म्हणून ‘धातू जाते’ असे खाली मान घालून सांगतो. विग यांनी त्याला हसून परत पाठविले नाही. वीर्य जाण्याने हे होत नाही हे खरे, पण थकवा खरा आहे, निद्रानाश खरा आहे. तो चिंतेचा आणि उदासीनतेचा असू शकतो, हे त्यांच्यानंतरच्या तज्ज्ञांनी वारंवार पाहिले. भीतीने झोप जाते, झोपेवाचून अंग गळते, आणि गळलेले अंग भीती खरी ठरविते. हे चक्र औषधाच्या बाटलीने थांबत नाही. नीट ऐकून घेणे, समजावून सांगणे आणि जरूर तर चिंतेवर उपचार करणे, हा त्याचा मार्ग.

आता आपल्या परिसराकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि माळरानावर भोंगे वाजू लागले. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी करीत कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली. त्याच १९५४ साली संसदेने जादूटोण्याच्या व चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात त्याने मना केली. पिंपरीत खरे औषध तयार होऊ लागले, खोट्यावर कायद्याने बंदी आली. भिंतींवरची ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ ही अक्षरे मात्र गेली नाहीत.

आणि ती वाचणारा कोण? मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला, एका खोलीत चौघांबरोबर राहणारा पोरगा. ह्या आठवड्याला पहिली पाळी, पुढच्याला रातपाळी. देहाचे घड्याळ सूर्यावर चालते. रातपाळीनंतर दिवसा मिळणारी झोप अपुरी आणि तुटक असते. त्याचा थकवा पाळीचा असतो. पण भिंत त्याला सांगते की, तुझी धातू जाते. मग पगारातले पैसे पुड्यांवर जातात, लग्न ठरत असेल तर ते लांबणीवर पडते, आणि हे सारे तो गावी आईला फोनवर सांगू शकत नाही.

मी पेशाने मास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. औषध सांगण्याचा अधिकार माझा नाही. लघवीला जळजळ, वेदना किंवा पू असेल तर ते दुखणे निराळे; त्यासाठी डॉक्टरकडेच जावे. मन खचले असेल, झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ आहेत. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

पण शब्दांचा अधिकार मास्तराला असतो, म्हणून एवढेच सुचवितो. ह्या दिवाळीत मुलगा घरी येईल, तेव्हा बापाने, थोरल्या भावाने किंवा मामाने त्याला गच्चीवर बाजूला घ्यावे आणि दोन वाक्यांत सांगावे: “अरे, हे सगळ्यांना होते, मलाही होई. यात काही बिघडत नाही, निवांत झोप.” हे सांगण्यासाठी कर्व्यांना दंड भरावा लागला, आपल्याला थोडा संकोच तेवढा सोडावा लागेल.