सुरतेची आग आणि अग्निशमनाचा दाखला
24 एप्रिल 1837 रोजी सुरतेत लागलेल्या आगीत 9,373 घरे जळाली. लाकडी माड्या, अरुंद गल्ल्या आणि भर उन्हाळा यांनी आगीला वाट करून दिली. त्याच वर्षी तापीला पूर आला आणि बडे पारशी-हिंदू व्यापारी मुंबईला गेले. तेव्हा आग विझवणे हे शिकण्याचे काम मानले जात नसे.

पुढे ते शिकण्याचे काम झाले. 1956 मध्ये रामपूरला सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय वर्षभरात नागपुरास आले. तेथील सब-ऑफिसरचा दाखला अग्निशमन दलाची दारे उघडू लागला.

24 मे 2019 रोजी सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडमधील शिकवणी वर्गाला आग लागली. 22 जणांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक विद्यार्थी. पुढे गुजरातने खासगी फायर सेफ्टी ऑफिसरांची पद्धत आणली आणि दाखल्याला महापालिकेबाहेरही गिऱ्हाईक मिळाले. अशा दाखल्यासाठी फी भरणाऱ्याने मात्र आधी एक गोष्ट पाहावी: संस्थेला सरकारी मान्यता आहे का? ती नसेल, तर स्वस्त दाखलाही महागच. शिवाय दलातल्या भरतीत दाखल्याबरोबर उंची, छाती आणि धावणेही मोजले जाते.