अंतराळातलं पाणी चौथी-पाचवीच्या वर्गाला कसं शिकवायचं?

"अंतराळवीर स्वतःची लघवी शुद्ध करून पितात" असं वर्गात सांगितलं की पहिली पाच मिनिटं नुसतं "ईऽऽ" आणि हसणं. ते होऊ द्या.

आमच्या घाटनांदूरकडे मुलांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर होतं. घरातल्या मोठ्यांना ती गाडी अजून आठवते. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर आहे आणि तिथे पाण्याची गाडी म्हणजे रॉकेट. माणशी रोज जवळपास ४ लिटर पाणी लागतं. एवढं रोज कोण पोचवणार? म्हणून २००८ मध्ये नासाने तिथे पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा पाठवली.

काम दोन बाजूंनी चालतं. श्वास आणि घामाची वाफ हवेतून थंड करून गोळा होते. लघवीचं पाणी कमी दाबाखाली उकळतात, म्हणजे ते कमी तापमानालाच उकळतं. पण तिथे वजन जाणवत नसल्यामुळे वाफ वर आणि पाणी खाली असं होत नाही. म्हणून ते भांडंच गरगर फिरवतात, पाणी कडेला चिकटून राहतं आणि वाफ वेगळी काढता येते. हे मैदानात अर्धी भरलेली बादली गोल फिरवून दाखवा. मुलं विसरणार नाहीत. पुढे दोन्हीकडचं पाणी एकत्र येऊन गाळण्यांतून आणि रासायनिक प्रक्रियेतून जातं. तपासणीत नापास झालं की परत सुरुवातीला.

एक भारी किस्सा. सुरुवातीला हे यंत्र तुंबलं. अंतराळात हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि त्याचे क्षार आत साचले. बोअरचं पाणी तापवणाऱ्या हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना, जवळपास तसंच.

वर्गात करायचा प्रयोग: घमेल्यात मीठ आणि माती कालवलेलं पाणी घ्या, मधोमध रिकामी वाटी ठेवा, वरून प्लास्टिक ताणून बांधा, वाटीच्या बरोबर वर खडा ठेवा. उन्हात दोन-तीन तासांनी वाटीत थेंब जमतात. मीठ-माती खालीच राहते. हे पाणी बघायचं, प्यायचं नाही. मग विचारा, ढगातलं पाणी आधी कुठे होतं? "ईऽऽ" इथे कमी होतं, असा माझा अंदाज.

आता गणित, माझ्या मते तासाचा खरा गाभा हाच. आधी १०० लिटरमधले सुमारे ९३ लिटर परत मिळायचे. उरलेल्या घट्ट द्रावणातूनही पाणी काढणारं यंत्र २०२१ मध्ये बसवलं आणि २०२३ मध्ये आकडा ९८ वर गेला. फक्त ५ लिटरचा फरक, असं वाटेल. पण तेच पाणी दहा वेळा फिरवा. ९३ च्या हिशेबाने १०० लिटरचे ४८ उरतात, ९८ च्या हिशेबाने ८२. फळ्यावर एकेक फेरी मुलांकडूनच करून घ्या, कॅल्क्युलेटर चालेल.