कमांड डॉट कॉम : मेमरीचा वापर

एमएस-डॉस आणि आयबीएमच्या पीसी-डॉस या प्रणालींतील कमांड शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा राबवणारा प्रोग्राम. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसर १ मेगाबाइट मेमरी हाताळू शके. त्यांतले ६४० किलोबाइट प्रोग्रामांच्या वाट्याला येत. सुरुवातीच्या अनेक यंत्रांत तर ६४ किलोबाइटच असत. एवढ्याशा जागेत शेलने पाय पसरले तर प्रोग्रामाने राहायचे कुठे?

यासाठी शेलचे दोन भाग केले होते. कायम मेमरीत राहणारा भाग लहान. कंट्रोल-सी आणि डिस्कच्या चुका तो सांभाळे. डिर, कॉपी, डेल यांसारख्या आज्ञा राबवणारा मोठा भाग मेमरीच्या वरच्या टोकाला बसे आणि प्रोग्रामाला गरज पडल्यास त्यावर खुशाल लिहिता येई. प्रोग्राम संपला की कायम भाग चेकसम तपासून पाही. मजकूर बिघडला असल्यास डिस्कवरून पुन्हा आणी. युक्ती नामी, पण फ्लॉपीवाल्यांना जाचक. वर्ड प्रोसेसरमधून बाहेर पडताना ड्राइव्हमध्ये दुसरीच फ्लॉपी असली, तर कमांड डॉट कॉम असलेली डिस्क घालून कळ दाबण्याचा संदेश येई. मग फ्लॉप्यांची अदलाबदल. हार्ड डिस्क आल्यावर हा ताप संपला.

एखाद्या प्रोग्रामातून तात्पुरते डॉसमध्ये उतरल्यास शेलची दुसरी प्रत मेमरीत चढे. ‘एक्झिट’ टंकायला विसरणाऱ्याची जागा अडून राही. प्रोग्रामांना जागा मोकळी व्हावी म्हणून १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये डॉसचा गाभाही पहिल्या मेगाबाइटच्या लगेच वरच्या सुमारे ६४ किलोबाइट क्षेत्रात हलवता येऊ लागला; त्यासाठी मात्र किमान २८६ प्रोसेसर लागे.