खेळण्यातल्या हेलिकॉप्टरची सोयरीक

हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनातून आणलेले रिमोटचे हेलिकॉप्टर दिवाळीपर्यंत उडत राहिले, तर पोरांचे नशीब. पाते तुटते, बॅटरी दम सोडते आणि घरात एकच प्रश्न उरतो : शेजारच्या बंद हेलिकॉप्टरचा भाग याला बसेल का?

उत्तर शोधताना मी आर्थर यंग यांच्यापर्यंत पोहोचलो. या अमेरिकी संशोधकाने १९२८ पासून लहान प्रतिकृतींवरच प्रयोग केले. प्रतिकृती हवेत कलंडत. पात्यांखाली टोकांना वजन असलेला दांडा जोडल्यावर त्या स्थिरावल्या. १९४१ मध्ये यंग बेल कंपनीत गेले आणि ८ मार्च १९४६ रोजी त्यांच्या बेल ४७ ला नागरी वापराचा परवाना मिळाला. असा परवाना मिळालेले ते पहिले हेलिकॉप्टर. खेळण्याएवढ्या प्रतिकृतीतून मोठ्या यंत्रात गेलेला हा दांडा पुढे स्वस्त खेळण्यांत परत आला.

सायमा एस१०७ आणि डब्ल्यूएलटॉइज व्ही९११ या दोन्ही स्वस्त हेलिकॉप्टरांच्या डोक्यावर तो दिसतो. दोन्ही ३.७ व्होल्टच्या एकाच सेलवर चालतात. म्हणजे सोयरीक जुळायला हवी. पण घराणी वेगळी. एस१०७ मध्ये एकाच अक्षावर दोन पंखे उलटसुलट फिरून एकमेकांचा पीळ मारतात. शेपटीचा आडवा पंखा फक्त पुढे-मागे नेतो. त्याचा रिमोट अवरक्त किरणांचा, म्हणून आपल्याकडच्या उन्हात तो आज्ञा ऐकत नाही. व्ही९११ ला मुख्य पंखा एकच. पीळ सावरायला शेपटीचा पंखा उभा, आणि रिमोट खरोखरच रेडिओचा, २.४ गिगाहर्ट्झचा.

गंमत अशी की, एस१०७ चे वरचे पाते त्याच हेलिकॉप्टरच्या खालच्या पंख्यालाही चालत नाही. दोन्ही पंखे उलट दिशांनी फिरतात, म्हणून पात्यांचा कलही उलटा. एस१०७ च्या नकला तर पुष्कळ निघाल्या. पण रूप सारखे म्हणून माप सारखे असेलच असे नाही.

माप एक नसले की काय होते, हे हिंगोलीला शिकवावे लागत नाही. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग रुंद होईपर्यंत आपली गाडी एक मीटर रुळांवर धावली. १६७६ मिलिमीटरवरचा डबा इथे येऊच शकत नव्हता. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकच माप सुचवले, ते याच अडचणीपायी.

माझ्याकडे बंद पडलेल्या हेलिकॉप्टरांच्या भागांची एक डबी आहे. प्रत्येक पुडीवर मापाची चिठ्ठी. भाग बदलण्यापूर्वी दांड्याची जाडी, चक्राचे दात आणि पात्याचा कल पाहावा. बॅटरीचे व्होल्ट जुळले तरी धन-ऋण टोके तपासावीत. फुगलेली बॅटरी तर कधीच लावू नये. एवढी काळजी घेतली, तर दोन बंद हेलिकॉप्टरांतून एक पुन्हा उडते. नाहीतर दहा पैशांच्या चाकापायी अख्खे खेळणे उकिरड्यावर जाते, आणि यंत्र उघडून पाहण्याची पोराची पहिली संधीही त्यासोबत जाते.