चाकाचा हंगाम

अर्जेंटिनाच्या अव्वल फुटबॉल लीगचा २०१५ चा हंगाम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक आकडा खटकला असेल. संघ तीस. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे फेऱ्या एकोणतीस. खेळल्या गेल्या मात्र तीस. या जादा फेरीकडे मी पुढे येतो. आधी त्या एकोणतीसचा हिशेब पाहू, कारण तो ज्या पद्धतीने बसवला जातो ती पद्धत आमच्या विदर्भातल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला पाठ असते. तो तिला चक्री पद्धत म्हणतो. आणि मी लिहितोय ते केळझरबद्दलही, वर्धा–नागपूर रस्त्यावरच्या त्या गावाबद्दल, ज्याला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. चाक आणि पाळी या दोन गोष्टी ब्यूनस आयर्सच्या मैदानात आणि केळझरच्या कथेत एकत्र नांदतात. तिथूनच ही कुळकथा मांडावीशी वाटली.

चक्री पद्धत अशी. समजा संघ सहा. डावीकडे वरून खाली १, २, ३ लिहायचे, उजवीकडे खालून वर ४, ५, ६. समोरासमोर आलेल्यांची गाठ: एकची सहाशी, दोनची पाचशी, तीनची चारशी. झाली पहिली फेरी. आता एकला जागेवर रोवून ठेवायचं आणि उरलेल्या पाचांना एकेक घर पुढे सरकवायचं. दुसऱ्या फेरीत एकसमोर पाच येतो, सहासमोर चार आणि दोनसमोर तीन. असं पाचदा फिरवलं की प्रत्येकजण प्रत्येकाला भेटून झालेला असतो, एकही जोडी दुबार येत नाही, एकही राहत नाही. संघ तीस असले तर चाक एकोणतीसदा फिरतं. संघ विषम असले तर एक रिकामी जागा धरायची, तिच्यासमोर येईल त्याला बाय, म्हणजे त्या फेरीत विश्रांती. शाळेच्या पटांगणात खडूने ही मांडणी करणाऱ्याला गणिताची पदवी लागत नाही.

पण हे चाक पहिल्यांदा फिरवलं कुणी? इथे वाद आहे, आणि मला त्यात बाजू घ्यायची आहे.

बुद्धिबळवाले म्हणतील, बर्गर तक्ते. ग्राझचे योहान बर्गर यांनी १८९३ मध्ये ते छापले, आणि आजही साखळी स्पर्धांच्या गाठी त्याच तक्त्यांवरून लागतात. नाव बर्गरचं चिकटलं, पण तक्ते रिखार्ड शुरिग यांचे, १८८६ चे, आणि बर्गर यांनी स्वतःच त्यांना श्रेय दिलं होतं. फ्रेंच मंडळी त्याच्याही मागे जातात. एदुआर ल्युका यांच्या १८८३ च्या गणिती रंजनाच्या खंडात वसतिगृहातल्या मुली रोज जोडीजोडीने फिरायला निघतात, आणि कुठलीही जोडी पुन्हा जमू नये असा तो प्रश्न आहे. उत्तर चाकाचंच, आणि ल्युकांनी ते वालेकी नावाच्या एका शिक्षकाच्या नावावर जमा केलं आहे. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं ज्यांनी जगाला दिलं तेच हे ल्युका.

माझं मत या सगळ्यांच्या आधीच्या माणसाकडे जातं. टॉमस किर्कमन हे इंग्लंडमध्ये लँकेशायरातल्या क्रॉफ्ट गावचे पाद्री. गणितात कुठलंही पद नाही, गाव लहान, आणि नोकरी एकाच चर्चमध्ये पन्नासहून अधिक वर्षं. १८४७ मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी सम संख्येच्या वस्तूंच्या जोड्या अशा फेऱ्यांमध्ये वाटून दाखवल्या होत्या. पुढे १८५० मध्ये त्यांनी पंधरा मुलींचं कोडं घातलं. मुलींनी सात दिवस तिघी-तिघींनी चालायचं, आणि कुठल्याही दोघी दुसऱ्यांदा एकत्र यायच्या नाहीत. ल्युकांच्या वसतिगृहातल्या मुली आणि किर्कमनच्या या मुली सख्ख्या बहिणी आहेत, फक्त इंग्रज मुली तेहेतीस वर्षांनी मोठ्या. किर्कमनना तेवढं श्रेय मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता फुटबॉल. १८६३ ला नियम, १८७२ ला पहिली एफए कप फायनल, हे सगळ्यांना माहीत आहे. लीग आली ती १८८८ मध्ये. अ‍ॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर, मूळचे स्कॉटिश, बर्मिंगहॅमला कापडाचं दुकान चालवणारे, यांचा वैताग असा होता की ठरलेले मैत्रीचे सामने ऐनवेळी रद्द होत. समोरचा संघ कपात पुढे गेला की आपला शनिवार फुकट. म्हणून त्यांनी क्लबांना पत्र घातलं: प्रमुख दहा-बारांनी एकत्र यावं आणि घरचा एक, बाहेरचा एक असे सामने आधीच ठरवावेत.

ही कल्पना त्यांना सुचली कुठून? एक पक्ष काउंटी क्रिकेटकडे बोट दाखवतो. मला ते पटत नाही. १८८८ पर्यंत काउंटी अजिंक्यपदाला अधिकृत रूपच नव्हतं, ते आलं १८९० मध्ये. तोवर वर्तमानपत्रं आपापल्या परीने विजेता ठरवत आणि सगळ्या काउंट्या एकमेकींशी खेळतही नसत. दुसरा पक्ष अमेरिकेच्या बेसबॉलचा, आणि तो वजनदार आहे. तिथल्या नॅशनल लीगमध्ये १८७६ ला आठ संघ होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी दहा सामने खेळायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर. हंगामाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या संघांनी पश्चिमेकडचा दौरा टाळला, आणि लीगने दोघांना काढून टाकलं. मॅकग्रेगरना हवं होतं ते हेच: ठरलं म्हणजे ठरलं. शिवाय खुद्द अ‍ॅस्टन व्हिलाने १८९० मध्ये ब्रिटनमधली बेसबॉल लीग खेळून जिंकली. क्रिकेटपक्ष म्हणेल, ते लीगनंतर दोन वर्षांनी झालं. बरोबर. पण घरात एकही पाहुणा ओळखीचा नसताना कोणी पंगत मांडत नाही. घर आणि बाहेर ही पद्धत इंग्रजांची स्वतःची असेल, पण सगळ्यांनी सगळ्यांशी खेळलंच पाहिजे हे बंधन अटलांटिक ओलांडून आलं, असं मी ठामपणे मानतो.

लीगमध्ये संघ बारा झाले, कारण मोकळ्या तारखा बावीसच मिळत होत्या. अकरा प्रतिस्पर्धी, दोनदा. नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या क्लबांना बाहेर राहावं लागलं. कॅलेंडरने संघ ठरवले, संघांनी कॅलेंडर नाही. त्या बारांपैकी सहा लँकेशायरचे होते, आणि लीगची नावनिशी पक्की झाली ती १७ एप्रिल १८८८ ला मँचेस्टरमध्ये. क्रॉफ्ट तिथून फार लांब नाही, आणि पाद्री किर्कमन तेव्हा हयात होते.

तिथून तीनच वर्षांत अर्जेंटिना. १८९१ मध्ये ब्यूनस आयर्सला पाच संघ एकमेकांशी दोनदा भिडले, आणि ब्रिटनबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फुटबॉल लीगांपैकी एक तिथे उभी राहिली. पाच म्हणजे विषम, म्हणजे दर फेरीला एकजण घरी. शेवटी सेंट अँड्र्यूज आणि ओल्ड कॅलेडोनियन्स यांचे गुण सारखे झाले आणि दोघांनाही विजेते ठरवलं. पदकं कुणी न्यायची एवढ्यासाठी मग त्यांचा एक सामना झाला. तो सेंट अँड्र्यूजने ३–१ असा घेतला, आणि तिन्ही गोल चार्ल्स मॉफॅट यांचे. दोन्ही क्लबांची नावंच सांगतात की हा खेळ स्कॉटिश लोकांच्या हाती होता. पाचांत एक संघ ब्यूनस आयर्स अँड रोझारियो रेल्वेचा होता.

आणि त्याच वर्षी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कपची पहिली स्पर्धा झाली. वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीने ती जिंकली. सिमल्याला ड्युरँड कप १८८८ पासूनच सुरू होता. एकाच सुमारास, एकाच साम्राज्याच्या माणसांनी, दोन बंदरांत एकच खेळ रुजवला. मग ब्यूनस आयर्सच्या वाट्याला लीग का आली आणि मुंबईच्या वाट्याला बाद पद्धतीचा कप का?

पावसाचं कारण चटकन पुढे केलं जातं. मुंबईच्या मैदानांवर हिवाळ्यात क्रिकेट, म्हणून फुटबॉल पावसाळ्यात, म्हणून वेळ थोडा. यात तथ्य आहे, पण अर्धंच. माझ्या मते मूळ कारण खेळणाऱ्यांत आहे. ब्यूनस आयर्सचे स्कॉट हे शाळामास्तर, कारकून, रेल्वेवाले. तिथे घर करून राहिलेले, पुढच्या शनिवारीही तिथेच असणारे. मुंबईत कप खेळायच्या त्या पलटणी. आज कुलाबा, उद्या हुकूम सुटला की दुसरी छावणी. ज्याचा पत्ता कायम नाही तो चाकात बसत नाही. कपात हरलेला दुपारीच मोकळा होतो, म्हणून कप हा छावणीचा खेळ. लीग हा गावाचा खेळ. मुंबईला लीग आली ती १९०२ मध्ये, हारवुड लीग म्हणून. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ मध्ये स्थापन झाली. देशाच्या पातळीवर नॅशनल फुटबॉल लीग यायला १९९६ साल उजाडलं. आमच्याकडे नागपूरजवळ कामठीला १८२१ पासून छावणी. फुटबॉलचं वेड तिथे आजही टिकून आहे, आणि तिथल्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भात कुणालाही सांगावं लागत नाही. गोऱ्या पलटणी गेल्या, माणसं राहिली, आणि मग नागपूरला लीग उभी राहू शकली. माझ्या मताला याहून चांगला पुरावा मला नको.

विदर्भात चक्री पद्धत कशी आली? मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. अमरावतीला वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याआधीचं, १९१४ चं. अमेरिकी वळणाची स्पर्धा-संयोजनाची विद्या मद्रासहून निघाली आणि अमरावतीत शिकून गेलेल्या शिक्षकांनी ती तालुक्या-तालुक्यात पोचवली, असा माझा अंदाज आहे, आणि तो मला बळकट वाटतो. गाठी लावायच्या जिना पद्धत आणि तक्ता पद्धतही त्याच शिदोरीतल्या.

आता केळझर. एकचक्रा कुठली यावर दावेदार बरेच. बंगालात बीरभूमचं एकचक्रा आहे, बिहारात आरा आहे, उत्तर प्रदेशात इटाव्याजवळचं चकरनगर आहे. चकरनगरवाल्यांचा युक्तिवाद भूगोलाचा: लाक्षागृहातून सुटलेले पांडव पुढे द्रुपदाच्या पांचालात गेले, तर एकचक्रा पांचालाजवळच हवी. हा मुद्दा जोरकस आहे. पण केळझरच्या बाजूने विदर्भाची महाभारताशी असलेली जुनी सोयरीक उभी राहते. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी आहे, आणि केळझरचा एकचक्रा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जातो. मला विशेष ओढतो तो कथेचा सांगाडा. बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस. घर ठरलेलं, पाळी ठरलेली, ती अनेक वर्षांनी येणार पण चुकणार नाही. कुंतीच्या यजमानाच्या घरावर पाळी आली म्हणून भीम गेला. ही अर्धी लीग आहे: फेरी आहे, क्रम आहे, पण जोड्या नाहीत. सगळी घरं एकाच बकासुरासमोर येतात, जशी चाकात सगळ्यांची पाळी त्या रोवलेल्या एकसमोर येते.

ज्या तालुक्यात केळझर आहे त्या सेलूतच बोर धरण आहे, आणि कालव्याचं पाणी शेजपाळीने मिळतं. रब्बी हंगामात किती पाळ्या हे आधी ठरतं आणि मग कोणाचं शेत कधी ते लागतं. मॅकग्रेगरच्या बावीस तारखा आणि रब्बीच्या पाळ्या यांत मला फरक दिसत नाही: आधी हंगाम किती लांब ते बघायचं, मग वाटेकरी घ्यायचे.

अर्जेंटिनाने २०१५ मध्ये नेमका हा क्रम उलटा केला. वाटेकरी तीस घेतले आणि हंगामाने ते कसेबसे पेलले. घर-बाहेर दोन्ही खेळायचं तर अठ्ठावन्न फेऱ्या झाल्या असत्या, म्हणून एकदाच. पण एकदाच म्हणजे बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेटही एकदाच. ते कुणाला चालणार? म्हणून ती जादा फेरी घातली, फक्त परंपरागत वैऱ्यांच्या सामन्यांची. चाकाला आवडनिवड नसते, ती माणसांनी बाहेरून जोडली. अजिंक्य झाला बोका. चाकाला भूगोलही कळत नाही. अवेयानेदात रेसिंग आणि इंडिपेंडिएंटे यांची मैदानं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि दोघांचे घरचे सामने एकाच दिवशी येणं टाळावं लागतं. त्यासाठी अशा दोघांना चाकावर असं बसवतात की एक घरी तर दुसरा बाहेर.

२०२५ मध्ये तिथे पुन्हा तीस संघ, पण आता पंधरा-पंधराचे दोन गट. पंधरा विषम, म्हणजे दर फेरीत प्रत्येक गटात एकजण रिकामा राहणार. ब्यूनस आयर्सच्या त्या पाच संघांनाही हीच अडचण होती. यावेळी दोन चाकं शेजारी ठेवली, आणि या गटातला रिकामा त्या गटातल्या रिकाम्याशी खेळवला. पंधरा फेऱ्या अशा, आणि वर एक वैऱ्यांची: एका स्पर्धेत एकूण सोळा. बाय कुणालाच नाही.